मांजराचं नाव ‘आपण’

“ताई, सप्रेम नमस्कार. माझं वय ४६. घटस्फोट होऊन नऊ वर्षं झाली. नाशिकला भाड्याच्या वन बीएचकेत राहते, पतसंस्थेत नोकरी करते, लेक पुण्याला हॉस्टेलवर. दर ११ महिन्यांनी अ‍ॅग्रीमेंट संपत आलं की घरमालक हसतहसत विचारतात, ‘मग काय मॅडम, राहताय ना?’ त्या हसण्यामागे दहा टक्के वाढ असते. तो आठवडाभर मला झोप लागत नाही.

दिवाळीत लेकीने ‘बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ’ ही कोरियन मालिका लावून दिली. तिला बरं वाटावं म्हणून बसले. ती परत गेल्यावर एकटीने आणखी दोनदा पाहिली.

आता मुद्द्याचं. सकाळी फिरायला येणाऱ्यांत एक गृहस्थ आहेत. ५१ वर्षांचे, अंबडला कारखान्यात नोकरी, लग्न केलेलं नाही. स्वतःचा टू बीएचके, हप्ते चालू, घरी ७८ वर्षांची आई. परवा बाकावर बसून त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि मुद्दे वाचून दाखवले. तुम्हाला घराची अडचण, मला आईजवळ कोणीतरी हवं. रजिस्टर लग्न करू, म्हणजे सोसायटीत कोणी बोलणार नाही. खोल्या वेगळ्या. तुमचा पगार तुमचा. भाडं अर्थातच नाही. आणि शेवटचा मुद्दा, भावनिक अपेक्षा नाहीत. ताई, मला तर त्या मालिकेतला नायक नाम से-हीच साक्षात शेजारी बसल्यासारखं वाटलं!

खरं सांगायचं तर हे गृहस्थ मला दोन वर्षांपासून आवडतात. त्यांना याची काही कल्पना नाही. हो म्हणून टाकू का? एकदा एका छपराखाली राहायला लागलो की मालिकेतल्यासारखं हळूहळू होईलच, असं मन म्हणतं. बहीण म्हणते, कोरियन बघून तुझं डोकं फिरलंय. आणि हो म्हटलंच, तर हे सगळं कागदावर घ्यावं का?

भाडेकरू, नाशिक”

प्रिय भाडेकरू,

डोकं फिरलेलं नाही, असं बहिणीला माझ्याकडून सांगा. दर ११ महिन्यांनी ज्या बाईचा जीव टांगणीला लागतो तिला ही मालिका आवडली नाही तरच नवल. तुमचं पत्र आलं आणि मी ती पुन्हा लावली. सोळा भाग, सहा रात्री. आमचे हे अधूनमधून चष्मा कपाळावर सरकवून डोकवायचे आणि ‘अजून भाडंच मोजतायत का गं ते दोघं?’ असं विचारून झोपायला जायचे. हो, भाडंच मोजतात. मला त्यात तेच तर आवडतं.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात टीव्हीएन या कोरियन वाहिनीवर ती आली. यून जी-हो (जंग सो-मिन) तिशीला टेकलेली, सोलमध्ये मालिका लिहिणाऱ्यांच्या हाताखाली राबणारी सहायक लेखिका. धाकट्या भावाच्या होणाऱ्या बायकोला दिवस गेलेत, त्याचं लग्न ठरलंय, म्हणून भावंडं राहत होती ते घर भावाकडे जातं आणि थोरली बॅग घेऊन बाहेर पडते. दुसरीकडे नाम से-ही (ली मिन-की), ३८ वर्षांचा, डेटिंग अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीत डिझायनर, स्वभावाने कॅल्क्युलेटर. त्याने घर घेतलंय आणि आता पगार कर्जात जातोय. तिकडे अशांना ‘हाऊस पुअर’ म्हणतात, म्हणजे घराचा धनी आणि खिशाचा भिकारी. म्हणून तो एक खोली भाड्याने देतो. जी-हो हे नाव पुरुषी वाटावं असं, से-ही बायकी वाटावं असं. त्यामुळे एकमेकांना न पाहता व्यवहार ठरतो आणि मग घोळ कळतो.

से-ही भाडेकरूंना गुण देतो. मांजराकडे बघते का, कचरा नीट वेगळा करते का. (हे शेवटचं आपल्याला विनोदी वाटतं. पण तिथे १९९५ पासून जितका कचरा तितके पैसे, ठरावीक पिशव्याच विकत घ्यायच्या, पुढे तर उरलेलं अन्नही निराळं टाकायचं. कचरा वेगळा करणारा भाडेकरू ही तिथे खरोखरच मालमत्ता.) जी-हो या परीक्षेत पहिली येते. त्याच्या घरचे लग्नासाठी मागे लागलेत, तिला छप्पर हवंय. मग तो भाडेकरारासारखंच लग्न सुचवतो आणि ती हो म्हणते. म्हणजे तुमच्या बाकावर जे घडलं तेच. फक्त समोर से-ही नव्हता, हे पुढे सांगते.

कोरियन मालिकांतली करारातली प्रेमं मी गेली कित्येक वर्षं बघत आलेय आणि एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. कराराच्या मुळाशी बहुतेक वेळा घर असतं. २००४ च्या ‘फुल हाऊस’मध्ये नायिकेचं वडिलांनी बांधलेलं घर मित्रमैत्रिणीच फसवून विकतात, ते एका नटाकडे जातं आणि घरापायी ती त्याच्याशी करारावर लग्न करते. २००५ च्या ‘माय लव्हली सॅम-सून’मध्ये तिशीतली, अंगाने भरलेली, फटकळ केकवाली घर वाचवायला पाच कोटी वॉन घेते आणि त्या बदल्यात मालकाची खोटी प्रेयसी होते. घर म्हणजे सुरक्षितता वगैरे कवितेतलं हे नाही. सोलमध्ये ‘जोन्से’ नावाची पद्धत आहे. घरमालकाला एकदम प्रचंड रक्कम द्यायची, बऱ्याचदा घराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त, मग दरमहा भाडं नाही आणि घर सोडताना सगळी रक्कम परत. मुंबईकरांना हे समजावून सांगायला नको, त्यांचं हेवी डिपॉझिट ते हेच. ज्याच्या आईबापांकडे ती रक्कम आहे त्याचं लग्न सुरळीत. ज्याच्याकडे नाही त्याने दरमहा भाडं भरत म्हातारं व्हायचं. अशा गावात एखाद्याने ‘माझ्याशी लग्न करता का, खोली रिकामी आहे’ असं विचारलं, तर प्रेक्षक हसतो आणि मनातल्या मनात हिशोबही करतो.

म्हणून घरासाठी लग्नाचा विचार मनात आला याची लाज वाटून घेऊ नका. आपल्या आज्या-पणज्यांची लग्नं घर, जमीन आणि दोन वेळचं जेवण बघूनच ठरली होती. कोणी त्याला करार म्हणत नव्हतं, एवढंच.

आता त्या प्रसंगाकडे येते, ज्याच्यासाठी मी ही मालिका दहा जणींना तरी बघायला लावलीय. तुम्ही तीनदा पाहिलीत आणि पत्रात त्याचा उल्लेखही नाही, म्हणून जरा नवल वाटलं.

लग्नानंतर जी-होला सासरी जावं लागतं. जेसा आहे, म्हणजे पितरांचा विधी, आपल्या श्राद्धाचा लांबचा भाऊ. नैवेद्य बायकांनी रांधायचा आणि नमस्काराला पुरुषांनी उभं राहायचं, ही त्याची परंपरा. करारात हे काम कुठेही नाही. तरी जी-हो जाते आणि दिवसभर राबते. कोणी दरडावलेलं नसतं. सासू गोड बोलते, ही गोड हसते, ‘मी करते ना’ म्हणते, आणि ते एकदा म्हटलं की हात थांबत नाहीत. ते बघताना मला गौरीजेवणाच्या आदल्या रात्रीचे आमच्या घरातले ओट्यापाशी वाकलेले सगळे पाठीचे कणे आठवले. से-हीला हे कळतं तेव्हा त्याचा सूर कौतुकाचा नसतो. करारात नसलेलं काम फुकट का केलं, असा त्याचा सरळ प्रश्न असतो. आणि मग ती फेड ठरते. तिने त्याच्या घरी श्रम दिले, आता त्याने तिच्या माहेरी द्यायचे.

जी-होचं माहेर नामहे, दक्षिण किनाऱ्यावरचं. हंगाम किमजांगचा, म्हणजे हिवाळाभर पुरेल एवढी किमची, कोबीचं तिखट लोणचं, आधीच घालून ठेवण्याचा. (२०१३ मध्ये युनेस्कोने किमजांगची वारशाच्या यादीत नोंद केली. पाठीच्या दुखण्याचीही केली असती तर बरं झालं असतं.) मिठात मुरवून मऊ झालेल्या चायनीज कोबीचे ढीग, परातीएवढ्या टोपात कालवलेला लालभडक तिखट मसाला, रबरी हातमोजे, आणि उकिडवं बसून एकेक पान उचलून आत मसाला चोळायचा. एक गड्डा झाला की पुढचा. हा सोलचा एकलकोंडा डिझायनर, ज्याला मांजराशी बोलायलाही शब्द जपून लागतात, तो सासुरवाडीला जाऊन हे काम करतो. अंग मोडून करतो. परत येतो तेव्हा त्याला धड उभं राहता येत नाही.

मला विचाराल तर त्या मालिकेतला सर्वांत शृंगारिक प्रसंग तो आहे. बसस्टॉपवरचं चुंबन लोक लक्षात ठेवतात, ठेवू देत. कोरियात २००८ पर्यंत कायद्यानेच कुटुंबाचा प्रमुख पुरुष असे आणि लग्न झालेल्या बाईची नोंद नवऱ्याच्या घराण्यात जात असे. कायदा गेला, पण सणाच्या दिवशीचं स्वयंपाकघर जागच्या जागीच राहिलं. त्यानंतर नऊ वर्षांनी एका मालिकेत एक जावई ‘तुझ्या दिवसभराच्या कामाची किंमत ही’ म्हणून कोबी चोळत बसतो. आय लव्ह यू काय, कोणीही म्हणेल.

आता तुमच्या गृहस्थांची वही उघडू या.

पगार तुमचा, खोली वेगळी, भाडं नाही. छान. पण ‘आईजवळ कोणीतरी’ ही ओळ पुन्हा वाचा. तुम्ही सकाळी साडेनऊला पतसंस्थेत निघणार, संध्याकाळी सहा-साडेसहाला येणार. ते स्वतः कारखान्यात. मग दिवसभर आईजवळ कोण? तुमच्या नोकरीच्या वेळा त्यांना माहीत नाहीत असं थोडंच आहे, रोज सकाळी भेटता. म्हणजे एक तर त्यांनी या ओळीचा नीट विचार केलेला नाही, किंवा केलाय आणि पुढची ओळ अजून लिहायची आहे. ती ओळ सहा महिन्यांनी येईल, जेवताना, अगदी सहज : ‘तुम्हाला आता नोकरीची तशी गरज काय?’ दुसरी शक्यताही आहे. त्यांच्या डोक्यात फक्त रात्र असेल. आई रात्री बाथरूमला उठते, पडेल की काय ही भीती. तसं असेल तर मावशी ठेवता येते, पलंगाशेजारी घंटी लावता येते, त्यासाठी रजिस्ट्रार ऑफिसला जायची काय गरज?

नाशिकमध्ये दिवसपाळीच्या मावशींना महिन्याला किती द्यावे लागतात, हे ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे अशा कोणालाही विचारा. तो आकडा तुमच्या भाड्याशेजारी लिहा. मग ‘भाडं नाही’ या शब्दांचा अर्थ कळेल. जी-हो भाडं भरत होती, म्हणून घरकाम तिच्या गळ्यात पडलं नाही. भाडं भरणाऱ्या बाईला ‘आज भात का नाही लावला’ असं कोणी विचारू शकत नाही. तुमचं भाडं माफ होतंय आणि त्या जागी मोजमाप नसलेलं काम येतंय. माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. वही घेऊन बाकावर येणारा माणूस मला बरा वाटतो, निदान ‘तुम्ही आमच्या घरी लक्ष्मी म्हणून या’ असं तरी म्हणाला नाही. पण से-हीच्या वहीत दोन्ही बाजूंना आकडे होते आणि यांच्या वहीत एकाच बाजूला.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. लिहिताना दोनदा खोडलं, पण लिहिते.

‘भावनिक अपेक्षा नाहीत’ या ओळीखाली तुम्ही सही करणार आणि मनात दोन वर्षांची अपेक्षा घेऊन त्या घरात शिरणार. हे चालणार नाही, भाडेकरू. तुम्ही खोटं बोलताय म्हणून नव्हे, तसं खोटं आपण सगळ्याच कधी ना कधी बोलतो. ज्या कराराची एक अट तुम्ही पहिल्याच दिवशी मोडलेली असेल, त्यात तुम्हाला बाकीच्या अटींसाठी भांडता येणार नाही, म्हणून. आई रात्री चारदा उठवेल आणि तुम्ही म्हणाल, असू दे, त्यांना बरं वाटेल. ते सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर त्र्यंबकला जातील आणि तुम्ही घरी थांबाल, कारण आल्यावर एकदा ‘थँक यू’ म्हणतील. प्रत्येक जास्तीच्या कामावर तुम्ही एक गुप्त व्याज लावत जाल आणि ज्याला कर्ज घेतल्याचं ठाऊकच नाही त्याच्याकडून ते वसूल होणार नाही. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही ज्यातून बाहेर पडलात त्यातही असंच काहीसं होतं का? पत्रात तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही, म्हणून विचारते. उत्तर मला पाठवायची गरज नाही.

तुम्ही म्हणता, मालिकेत हळूहळू झालंच ना. झालं, पण कसं ते बघा. प्रेम बसल्यावर जी-होने करार तसाच चालू ठेवून आतल्या आत सुखी होण्याचा सोपा मार्ग घेतला नाही. सगळं जुळून आलेलं असताना, शेवटच्या काही भागांत, ती स्वतः करार संपवते आणि घर सोडून जाते. प्रेक्षक तेव्हा चिडले असतील, मीही पहिल्यांदा पाहताना चिडले होते. अगं, आता कुठे तो हसायला लागलाय, आणि तू निघालीस? पण भाड्याच्या गरजेतून जोडलेल्या नात्यात प्रेमाची कबुली मिसळली तर कुठलं कशासाठी चाललंय हे दोघांनाही कधीच कळलं नसतं. आधी पाटी पुसायची, मग लिहायचं. आणि से-ही काय करतो? ज्या घराच्या कर्जासाठी हा सगळा खटाटोप, तेच घर विकायला काढतो. शेवटी ते पुन्हा अटी मांडून बसतात, पण आता दोघं मिळून, आणि दरवर्षी नव्याने बघायचं असं ठरवून. तुमच्या ११ महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटसारखंच म्हणा ना, फक्त भाडेवाढीची भीती वजा करून.

आता लेक तुम्हाला ‘द ट्रंक’ दाखवेलच. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर नेटफ्लिक्सवर आलेली आठ भागांची मालिका, गोंग यू आणि सो ह्यून-जिन. ती जास्त गडद आहे, दिवाळीत बघू नका. त्यात वर्षभराच्या मुदतीची लग्नं लावून देणारी चक्क एक कंपनी आहे. नायिका त्या कंपनीची नोकर, म्हणजे बायको असणं हाच तिचा पेशा. नायकाला त्या लग्नात कोण ढकलतं, तर त्याची घटस्फोटित बायको. मोठंथोरलं घर आणि त्यात झोप न येणारा माणूस. कागद इतके चोख की वकिलाने हात जोडावेत, आणि त्या चोख कागदांच्या आत दोन माणसं गुदमरलेली. एकटेपणाला कलमं लावता येतात या समजुतीची ती मालिका पार वाट लावते. तुमच्या गृहस्थांची शेवटची ओळ मला तिच्या जवळची वाटली, पहिल्या मालिकेच्या नव्हे.

कागदाबद्दल विचारलंत. मी वकील नाही, तरी ज्या दोन-चार गोष्टी पक्क्या आहेत त्या सांगते. लग्नाला एक्स्पायरी डेट आपल्याकडे लिहिता येत नाही. रजिस्टर लग्न म्हणजे स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट, १९५४, त्यात ३० दिवसांची नोटीस. लग्न झालं की ते पूर्ण लग्न, ‘कागदापुरतं’ असा वेगळा प्रकार नाही. मोडायचं झालं तर संमतीनेही आधी वर्षभर वेगळं राहिल्याचं दाखवावं लागतं, हे तुम्ही एकदा अनुभवलंय. (कोरियन लोक या बाबतीत सुटसुटीत. संमतीच्या घटस्फोटाला मुलं नसतील तर महिनाभर, लहान मुलं असतील तर तीन महिने विचार करा म्हणतात.) लग्न झालं म्हणून त्यांचं घर तुमच्या नावावर होत नाही. गोव्यात असतात तर गोष्ट वेगळी होती. तिथे पोर्तुगीजांच्या वेळचा नागरी कायदा अजून चालतो, लग्नाआधी दुसरा करार नोंदवला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. नाशिक गोव्यात नाही. सोसायटीत तुमचं नॉमिनेशन केलं तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आणि बँकेने सहकर्जदार म्हणून सही मागितली, तर ती सही म्हणजे हप्त्याची जबाबदारी, घरातला हिस्सा नव्हे, हे पतसंस्थेत काम करणाऱ्या बाईला मी काय सांगायचं?

एक मात्र नक्की माहीत असू द्या. आई-वडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा जो कायदा आहे, त्यात ‘अपत्य’ या शब्दात मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडं येतात. सून त्यात नाही. म्हणजे आईची जबाबदारी कायद्याने त्यांची आहे, आणि ती त्यांनी तुमच्याकडे सरकवायची तर विचारून, आणि त्याबदल्यात काय ते ठरवून.

तर वही हवीच. कोर्टात चालेल म्हणून नाही, लिहिताना माणूस अडखळतो म्हणून. तुम्ही तुमची वही काढा. त्यात लिहा : नोकरी सोडणार नाही. दिवसा मावशी, खर्च त्यांचा. आठवड्यातून एक रात्र मी मोकळी. माझी लेक सुट्टीत येईल तेव्हा तिची खोली कुठली? (टू बीएचके, खोल्या वेगळ्या, आई आहे. मोजून बघा. माझ्या हिशोबात एक माणूस हॉलमध्ये झोपतंय, आणि ते कोण असेल याचा मला अंदाज आहे.) उद्या त्यांना काही झालं तर मी त्या घरात कोणत्या हक्काने राहणार? त्यांचं मृत्युपत्र आहे का?

आणि त्यांच्या शेवटच्या ओळीसमोर तुमची ओळ लिहा. चांगल्या मराठीत, दोन वाक्यांत. ‘तुमचा शेवटचा मुद्दा मला मान्य करता येणार नाही. मला तुम्ही आवडता.’ एवढंच. पुढे सावरासावर नको, ‘पण काही हरकत नाही’ नको, ‘गैरसमज करून घेऊ नका’ तर मुळीच नको. बाकावर नका बोलू, तिथे ग्रुपमधले लोक येतजात असतात. कुठेतरी चहा घ्या. ते गप्प बसतील, वही चाळतील, चष्मा पुसतील. बसू दे गप्प. ५१ वर्षं लग्न न केलेल्या माणसाला विचार करायला आठवडा द्या.

ते नाही म्हणाले तर? तर तुम्हाला वाईट वाटेल, फिरण्याची वेळ बदलावी लागेल, आणि पुढचं अ‍ॅग्रीमेंट पुन्हा त्याच घरमालकाशी होईल. हे लहान दुःख नाही, मी तसं म्हणणार नाही. पण ते दुःख तुमच्या स्वतःच्या घरात, कुलपाची किल्ली तुमच्याकडे असताना होईल. दुसरीकडे, हो म्हणून गेलात आणि दोन वर्षांनी तो माणूस दारातून तसाच अलिप्तपणे ‘आईने औषध घेतलं का?’ विचारत आत आला, तर कुठे जाल?

घर हा प्रश्न वेगळा काढा आणि तो वेगळाच सोडवा. आपल्याच पतसंस्थेत किंवा बँकेत कर्जाची चौकशी करा, गंगापूर रोडचा नाद सोडून गावाबाहेरचा छोटा फ्लॅट बघा. वयाच्या ४६ व्या वर्षी १४ वर्षांची मुदत मिळू शकते, निवृत्तीपर्यंत. हप्ता भाड्यापेक्षा जास्त बसेल, आणि हो, तुम्हीही ‘हाऊस पुअर’ व्हाल. एखादी भाडेकरू ठेवा. कचरा वेगळा करणारी.

त्या मालिकेतलं मांजर आठवतंय ना? से-ही त्याला नुसतं ‘मांजर’ म्हणायचा. नाव ठेवलं की जीव जडतो, म्हणून असेल. जी-हो त्याचं नाव ‘उरी’ ठेवते. उरी म्हणजे ‘आपण’. कोरियन माणूस एकटा राहत असला तरी ‘माझं घर’ न म्हणता ‘उरी जिप’, आपलं घर म्हणतो, आपण ‘आमच्याकडे या’ म्हणतो तसं. त्या गृहस्थांच्या वहीत ‘तुम्हाला’ आहे, ‘मला’ आहे. ‘आपण’ फक्त लग्न रजिस्टर करण्यापुरता आहे. बोलताना त्यांच्या तोंडून हा शब्द निराळ्या कशासाठी येतो का, तेवढं ऐका.

आणि एक राहिलंच. या सगळ्या वहीत ज्यांच्यासाठी हा घाट घातलाय त्या आजींना कोणी विचारलंय का? ७८ वर्षांच्या बाईला आपल्याजवळ दिवसभर एक अनोळखी सून हवी आहे, हे ठरवलं कोणी? कदाचित त्यांना कोणीच नको असेल. कदाचित त्यांना नुसती दुपारी पत्ते खेळायला शेजारीण पुरेल. कदाचित त्या म्हणतील, माझ्या नावावर कशाला, त्याला स्वतःलाच एकटं वाटतंय, पण सांगायची हिंमत नाही. एकदा त्यांच्याकडे चहाला जा, लग्नाचं काही न बोलता. शक्यतो तो घरी नसताना.

तुमची,
ताई